जिंकण्याची सवय कुठून येते?

(उत्सवातील बक्षीस समारंभात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



मी काही व्याख्याता नव्हे. रूळ सांभाळणारा डिप्लोमा इंजिनियर. सकाळी गँगपुढे उभे राहून सुरक्षेच्या चार सूचना द्यायच्या, एवढेच माझे भाषण. पण सचिवसाहेब म्हणाले, "मुलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोला." मी म्हटले, मुलांना प्रेरणा भरपूर आहे, शनिवारी दुपारी चमचा-लिंबूच्या वेळी आपण सर्वांनी ती पाहिली. बोलायचेच असेल तर मी मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांशी बोलेन. त्यांनी हो म्हटले, म्हणून उभा आहे.

यंदा स्पर्धांच्या नोंदणीचे काम माझ्याकडे होते. पहिली ते पाचवीच्या गटात इतकी नावे आली की वही पुरली नाही. सहावी-सातवीत निम्मी राहिली. नववी ते बारावीच्या शंभर मीटर धावण्याला एक नाव आले. एका नावाची शर्यत लावता येत नाही, म्हणून ती रद्द झाली. बाकीची मुले कुठे गेली? गावातच होती, क्लासला होती. त्यानंतर बैठकीत सूचना आली की पुढल्या वर्षीपासून मोठ्या गटाच्या मैदानी स्पर्धा बंद कराव्यात आणि त्याऐवजी प्रश्नमंजूषा ठेवावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, ते माझे मित्र आहेत. निर्णय वार्षिक सभेत व्हायचा आहे. त्याआधी जिंकण्याच्या परंपरेविषयी मला जे ठाऊक आहे ते आपल्यापुढे ठेवतो. मग आपण ठरवावे.

आपल्या देशात विद्यापीठांच्या खेळांसाठी एक मोठा मान आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा चषक. १९५६-५७ साली तो सुरू झाला आणि राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांबरोबर राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. पहिल्याच वर्षी हा चषक कोणी नेला? मुंबई विद्यापीठाने! ऐकून बरे वाटते ना? पण पुढचे ऐका. त्यानंतरच्या काळात या चषकाचा मुक्काम हळूहळू पंजाबकडे हलला. चंदीगडचे पंजाब विद्यापीठ, पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ आणि सर्वांत जास्त अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ. अमृतसरचे हे विद्यापीठ स्थापन झाले १९६९ मध्ये, म्हणजे चषक सुरू झाल्यानंतर बारा-तेरा वर्षांनी. तरी त्याने हा चषक विसाहून अधिक वेळा जिंकला. २०२४ चा चषक चंदीगड विद्यापीठाला मिळाला, ते तर २०१२ साली स्थापन झालेले खासगी विद्यापीठ. म्हणजे परंपरा फार जुनी असावी लागते असेही नाही. ती कोणीतरी मनावर घेऊन उभी करावी लागते.

आता कोणी म्हणेल, पंजाबी माणूस मुळातच धिप्पाड, दूध-तुपावर वाढलेला, आपले पोहे-भात खाणारे पोर त्याच्यापुढे काय टिकणार? मंडळी, हे कारण मला पटत नाही. या चषकाचा हिशेब कसा होतो ते पाहा. तो एका खेळावर किंवा एका मोठ्या खेळाडूवर मिळत नाही. वर्षभरातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये निरनिराळ्या खेळांत, मुलांच्या आणि मुलींच्या संघांनी मिळवलेल्या स्थानांचे गुण एकत्र धरले जातात. कुस्ती आणि हॉकीत धिप्पाडपणा कामी येईल. पण तलवारबाजी, सायकलिंग, नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स? तिथे लागतो तो शिक्षक, सराव आणि वेळ. पंजाबातल्या कॉलेजांनी हे ओळखले. खेळाडूंसाठी वेगळी वसतिगृहे, खुराकाची सोय, फीमध्ये सूट, प्रत्येक खेळाला प्रशिक्षक, आणि मुलींच्या संघांकडे मुलांइतकेच लक्ष. हे एक-दोन वर्षे केले नाही, पिढ्यान्‌पिढ्या केले. सीनियर मुलगा ज्युनियरला शिकवतो, तो ज्युनियर पुढे प्रशिक्षक होऊन त्याच मैदानावर परत येतो.

मला यात माझे काम दिसते. बिलासपूर ते नागपूर गाडी पळते तेव्हा लोक इंजिनाकडे बघतात. पण गाडीचा वेग कोण ठरवते? सगळा मार्ग उत्तम असला आणि मध्ये एका ठिकाणी गिट्टी खचलेली असली, तर तिथे कॉशन लागतो आणि राजधानीलाही बैलगाडीसारखे जावे लागते. कमजोर जागा हिशेबात धरावीच लागते. विद्यापीठाच्या चषकाचेही असेच आहे. एक चॅम्पियन म्हणजे एक किलोमीटर उत्तम रूळ. त्याने फोटो छान येतो, गाडी वेळेवर पोहोचत नाही.

याचा आकड्यांतला पुरावा देतो, कारण इंजिनियरला आकड्याशिवाय चैन पडत नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ तिथे दुसरे आले. पहिले आले चंदीगडचे पंजाब विद्यापीठ. दोघांची सुवर्णपदके किती? पंजाबची १७ आणि पुण्याचीही १७. अगदी बरोबरी! मग पहिला क्रमांक कशाने ठरला? रौप्यपदकांनी. पंजाब १९, पुणे ११. कांस्य १० आणि ९. एकूण ४६ विरुद्ध ३७.

मंडळी, हा आकडा घरी गेल्यावर जरा कागदावर लिहून पाहा. सर्वांत वरच्या मुलांमध्ये पुणे तसूभर कमी नव्हते. कमी पडली ती दुसऱ्या क्रमांकाची मुले. दुसरा क्रमांक पेपरात येत नाही, मिरवणुकीत हार घालून फिरवला जात नाही. पण कोण जिंकले ते त्याने ठरवले. पहिला यायला एक गुणी पोर पुरते. भरपूर दुसरे यायला मैदान भरलेले लागते.

मला हे पटायला थोडे वैयक्तिक कारणही आहे. पॉलिटेक्निकला असताना मी खो-खोच्या संघात होतो. संघ बारा जणांचा, मैदानात उतरायचे नऊ, तिघे राखीव. मी राखीवांत. स्पर्धेच्या दिवशी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. पण रोज संध्याकाळी सरावाला आमचा उत्तम धावपटू कोणाला चुकवायला शिकायचा? मला. आमच्या क्रीडाशिक्षकांचे म्हणणे असे की संघाचा दर्जा बघायचा असेल तर राखीव तिघे कसे आहेत ते बघावे. ते तिघे ढिले असले की वरचे नऊ आपोआप ढिले होतात. आम्ही जिल्ह्याची ढाल आणली तेव्हा फोटोत मी कडेला उभा आहे, अर्धा खांदा कापला गेला आहे. पण ती ढाल माझीही आहे असे मला आजही वाटते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळतो. आपल्याकडे परंपरा नाही असे कोणी समजू नये. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले ते खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीला, कुस्तीत कांस्य. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांचे नाव सर्वांना माहीत आहे. आता त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन साजरा होतो. पण खर्डेकरांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? त्यांनी आखाड्यात एकही डाव टाकला नाही, आणि तरी त्या पदकात त्यांचा वाटा आहे. जिथे जिंकण्याची परंपरा असते तिथे असा घर गहाण टाकणारा एक तरी माणूस मागे असतोच.

दुसरे उदाहरण नाशिकचे. तिथल्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंद्र सिंग या प्रशिक्षकांनी आदिवासी पाड्यांतल्या आणि खेड्यांतल्या मुलींना धावायला शिकवले. त्यातून कविता राऊत आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पेपरवाल्यांनी तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' नाव दिले, आम्हा रेल्वेवाल्यांना त्याचा विशेष आनंद! कविता पुढे गेली तरी मैदान ओस पडले नाही. मागून संजीवनी जाधव आली आणि २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्यपदक घेऊन आली. एक गेली, दुसरी उभी राहिली. परंपरा म्हणतात ती हीच.

आणि खो-खो तर आपला घरचाच खेळ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताने पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. खो-खोला काय लागते? दोन खांब आणि माती. तेवढी माती तर गुढियारीत अजून शिल्लक आहे.

इथे बसलेले निम्मे लोक रेल्वेचे आहेत, तेव्हा आपल्या घरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासून आहे. खेळाडूला नोकरी द्यायची, सरावाला वेळ द्यायचा, स्पर्धेला रजा द्यायची, एवढ्या साध्या सूत्रावर रेल्वेने कितीतरी खेळांत राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. क्रिकेटमध्ये मुंबई-दिल्लीसारख्यांच्या रांगेत बसून २००१-०२ आणि २००४-०५ अशी दोनदा रणजी करंडक जिंकून दाखवली. त्या काळातला रेल्वेचा भरवशाचा अष्टपैलू संजय बांगर, मूळचा बीडचा. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. नंतर लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली, रेल्वेत लागली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला ही आपली माणदेशी मुलगी. मध्ये बत्तीस वर्षे गेली!

आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक. नोकरी लागल्यापासून नऊ वर्षे. त्या नऊ वर्षांत कोणीतरी त्याची ड्यूटी लावत होते, कोणीतरी त्याची रजा मंजूर करत होते, आणि तो सरावाला असताना कोणीतरी त्याच्या वाटची गाडी तपासत होते. त्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत.

छत्तीसगडचेही उदाहरण हवे, नाहीतर आपण म्हणाल हा माणूस राहतो रायपुरात आणि गातो कोल्हापूरचे. भिलाई आपल्यापासून किती लांब? लोकलने तासाभराचा रस्ता. तिथले दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींचा बास्केटबॉल असा काही रुजवला की छत्तीसगडच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धांत एकामागून एक विजेतेपदे घेतली. त्यांतल्या कित्येक मुली रेल्वेत नोकरीला लागल्या. साध्या घरांतल्या मुली. २०१८ साली पटेलसर गेले, पण त्यांनी घडवलेल्या मुली आज दुसऱ्यांना शिकवतात.

आता आपल्या मनातला प्रश्न मीच विचारतो. "हे सगळं ठीक आहे हो, पण खेळून पोट भरतं का?" प्रश्न रास्त आहे आणि मी गोड बोलून तो उडवून लावणार नाही. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत वरचा क्रमांक मिळाला तर तो तिथे धरला जातो. पण जागा थोड्या असतात आणि धावणारी पोरे हजारो. आज बक्षीस घेणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना खेळातून नोकरी लागणार नाही, हे मला इथे सांगितलेच पाहिजे. पण मग हेही सांगायला हवे की ज्या क्लाससाठी आपण त्यांना मैदानावरून उचलले, त्या क्लासमधल्याही सगळ्यांना आयआयटी मिळत नाही. तिथेही जागा थोड्या आणि मुले लाखांत. एका दारावरची गर्दी आपल्याला दिसते, दुसऱ्या दारावरची दिसत नाही, एवढाच फरक.

मी कामावर नव्या मुलांना घेतो तेव्हा एक गोष्ट पाहतो. मे महिन्यात दुपारी रूळ तापून हात लावू देत नाही, तेव्हा उन्हाळी गस्त सुरू असते. कोण टिकतो? जो कधीतरी मैदानावर हरला आहे तो. त्याला माहीत असते की आज जमले नाही तरी उद्या सकाळी पुन्हा यायचे असते. पेपर कठीण गेला म्हणून पोरे काय करून बसतात, ते आपण दर वर्षी निकालाच्या दिवसांत वाचतो आणि दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मैदान हे सर्व थांबवील असा दावा मी करत नाही. पण हरून घरी यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे आणि झोपायचे, हे शिकवणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. जिंकण्याची सवय म्हणतात ती खरे तर हीच. पंजाबची ती १९ रौप्यपदके म्हणजे अंतिम सामन्यात हरलेली १९ माणसे किंवा संघच की! ते हरले आणि त्यांच्या विद्यापीठाचा पहिला नंबर आला.

म्हणून वार्षिक सभेसाठी माझ्या तीन सूचना आहेत. खर्च फार नाही, मी हिशेब करून ठेवला आहे.

पहिली, मोठ्या गटाच्या स्पर्धा बंद करू नयेत. प्रश्नमंजूषा जरूर ठेवावी, पण धावण्याच्या जागी नको. फक्त वेळ बदलावी. क्लास संध्याकाळी असतात, तर आपण रविवारी सकाळी सहाला शर्यती घेऊ. आयोजकांना लवकर उठावे लागेल. विसर्जनाच्या रात्री जागतोच, एक दिवस लवकरही उठू.

दुसरी, बक्षिसांची पद्धत. स्टीलचे डबे आता प्रत्येक घरात दोन-दोन झाले. त्या रकमेतून एक बक्षीस नियमितपणाचे ठेवावे. वर्षभर जो मुलगा किंवा मुलगी ठरलेल्या दिवशी मैदानावर आली, तिला बूट. पहिली आली का, दुसरी आली का, हे विचारायचे नाही. हजेरी वही मी सांभाळीन. आमच्या खात्यात हजेरी वहीवर कोणाची दयामाया चालत नाही, हे सहकारी मंडळी सांगतीलच.

तिसरी सूचना पालकांसाठी. रविवारी सकाळी मुलांना कोटा स्टेडियमला न्यायचे. गुढियारीहून ते जवळच आहे. दर रविवारी दोन पालक, आळीपाळीने. पन्नास घरे आहेत, म्हणजे एका घराची पाळी वर्षातून दोनदा. आम्ही रुळांवर बीट वाटून देतो, तसा हा बीट. की-मन रोज आपल्या बीटवरून चालतो, एखादी ढिली चावी ठोकतो आणि पुढे जातो. त्याला कोणी हार घालत नाही. पण त्याच्या चालण्यावर रात्रीची गाडी सुखरूप जाते.

मुलींसाठी एक शब्द वेगळा. सातवीनंतर मुलांच्या नावांत घट झाली, मुलींची नावे जवळजवळ संपली. कविता, संजीवनी, ललिता यांची नावे आपण टाळ्या वाजवून ऐकलीत. त्या टाळ्यांचा अर्थ एवढाच व्हावा की पुढल्या वर्षी वहीत आपल्या घरातल्या मुलीचे नाव असेल. अंधार, रस्ता, सोबत ही आपली काळजी खरी आहे. म्हणूनच पालकांची पाळी हवी.

आपण नोकरीसाठी, धंद्यासाठी कुठून कुठून इथे आलो. कोणी नागपूर-अमरावतीचे, कोणी खानदेशातले, कोणाचे आजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात आलेले. इथे आल्यावर आपण काय टिकवले? भाषा, गणपती, हळदीकुंकू, पुरणपोळी. त्यात संध्याकाळचे मैदानही टिकवू. पुढल्या वर्षी नववी ते बारावीच्या शंभर मीटरला मला किमान आठ नावे हवीत. आठ पट्ट्या आखायला लागणारा चुना मी आताच आणून ठेवतो.

ज्यांना आज बक्षीस मिळणार आहे त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळणार नाही त्यांनी रविवारी सकाळी भेटावे.

गणपती बाप्पा मोरया!